भर दुपारचा हिरवा ठिपका

सोलापुरात भुतं रात्री निघत नाहीत, दुपारी निघतात, असं माझं ठाम मत आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी दोनला सात रस्ता चौकात उभं राहून बघा. रिक्षावाले मागच्या सीटवर आडवे झालेले असतात, पाय बाहेर. सिग्नल लाल होतो, हिरवा होतो, कुणासाठी ते त्यालाच ठाऊक. नवी पेठेतल्या दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली आणि त्या अर्ध्या अंधारातून नुसता पंख्याचा आवाज. रस्त्यावर माणूस नाही, माणसाची सावलीही नाही, आणि तरी मागून कुणीतरी येतंय असं सारखं वाटतं. लहानपणी आई या वेळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. तेलुगूत दटावायची आणि पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवून झोपवायची. मी आईचं कुठलंच ऐकलं नाही, तेवढं मात्र अजून ऐकते. दुपारी दोन ते चार मी ऑफिसातून हलत नाही.

ऑफिस म्हणजे सात रस्त्याजवळच्या एका इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. दोन टेबलं, एक कूलर, आणि कूलरमधून येणारा ओल्या गवताचा वास. या वासानं मला परीक्षेचे दिवस आले हे कळतं, कॅलेंडर बघावं लागत नाही. अभ्यासिकांमध्ये जागा मिळेनाशी होते, झेरॉक्सच्या दुकानात हॉलतिकिटांची रांग लागते, आणि माझ्या पडद्यावरची ती यादी लांबत जाते. या घडीला सराव परीक्षेला कोण कोण बसलंय त्याची यादी. प्रत्येक नावापुढं एक हिरवा ठिपका. दोन वाजून दहा मिनिटं झाली की मी हातातलं काम टाकून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचते. कशासाठी वाचते, हे बसवराज सरांना माहीत आहे. ते त्या वेळी मुद्दाम पेपर चाळत बसतात.

बसवराज सर अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, वर्गात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. गणित शिकवून निवृत्त झाले आणि घरात बसून वेड लागेल म्हणून माझ्या मागं लागले. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस भरती यांच्या सराव परीक्षा घेणारी एक वेबसाइट काढायची, प्रश्न ते काढणार, यंत्र मी चालवणार. सुरुवातीला महिनाभर आम्हाला शिव्याच खाव्या लागल्या. पोरं अर्धा पेपर सोडवायची, रेंज जायची, आणि परत आल्यावर वेबसाइट विचारायची, तुम्ही कोण?

हे असं का होतं ते मी सरांना सायकल स्टँडवरून समजावलं होतं. स्टँडवाल्याकडं एकाच नंबरचे दोन बिल्ले असतात. एक हँडलला अडकवतो, एक आपल्या हातात देतो. वेबसाइट तेच करते. तुम्ही आत आलात की एक बिल्ला तुमच्या फोनमध्ये ठेवते आणि त्याच नंबरची नोंद आपल्या सर्व्हरवर करते. कोण आहे, किती प्रश्न झाले, कुठल्या पानावर आहे, सगळं त्या नोंदीत. फोन दर अर्ध्या मिनिटाला बिल्ला दाखवून सांगतो, मी आहे. याला आम्ही सेशन म्हणतो. वीस मिनिटं बिल्ला दिसला नाही तर सर्व्हर नोंद पुसून टाकतो, कारण स्टँड काय कुणाच्या बापाचा नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, वीस मिनिटांत उजनी धरणाच्या काठी रेंज येत नाही, तुझ्या स्टँडवाल्याला सांग थांबायला.

मग मी मर्यादाच काढून टाकली. नोंद पुसायचीच नाही. एकदा आत आलेला माणूस कायमचा आत, हिरवा ठिपका मात्र फोन बिल्ला दाखवत असेल तेवढाच वेळ. या धंद्यात असं कुणी करत नाही, आणि मीही आता करत नाही. पण त्या उन्हाळ्यात पोरं खूश झाली आणि सरांनी मला नवी पेठेतून शेंगाचटणीचा अर्धा किलोचा पुडा आणून दिला.

त्या पोरांमध्ये रेणुका होती. उजनीच्या काठावरच्या एका गावातली, ऊस आणि केळीवाल्या घरातली. तिला मी एकदाच पाहिलं, नाव नोंदवायला वडिलांबरोबर आली होती तेव्हा. वडील म्हणजे भानुदासकाका, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात ठेवून बसायची सवय. नोंदणीला मोबाइल नंबर लागतो, तो काकांचा दिला. अशा घरांत तसंच असतं. गॅस, बँक, रेशन, सगळं बापाच्या नंबरवर, मग मुलगी तरी कशाला वेगळी. आत यायचं तर नंबर टाकायचा आणि त्यावर आलेला ओटीपी सांगायचा. तो ओटीपी त्या दिवशी काकांच्या बटणांच्या फोनवर आला. त्यांनी डोळ्यांपासून लांब धरून सहा अंक एकेक करून वाचले आणि रेणुकानं आपल्या फोनवर टाकले. फोन मामेभावाचा जुना, काच तडकलेली. ती आत आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आता बाहेर पडायचंच न्हाय मी." सगळे हसलो.

तिला तसं करणं भागच होतं. एकदा बाहेर पडली की परत यायला बापाचा फोन लागणार, आणि बाप दिवसभर रानात. तिनं तो बिल्ला जपला. रोज दुपारी, घरातली कामं उरकल्यावर, दोन वाजून दहा मिनिटांच्या आसपास तिचा ठिपका लागायचा. सर म्हणायचे, ही पोरगी लागणार.

मे लागला आणि भानुदासकाकांनी तिचं लग्न ठरवलं. तारीख परीक्षेच्या आदल्या दिवशीची निघाली. हे मला काकांनीच नंतर सांगितलं, काहीही न लपवता. तिनं दोन आठवडे थांबा म्हणून विनवलं होतं. काका म्हणाले होते, परीक्षा दर वर्षी असते.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरकतं. सरकेल तसं शेतकरी मोटर पुढं नेतात आणि पाइपाला पाइप जोडत जातात. एरवी पाण्याखाली असलेलं जुनं गाव वर येतं. भिंतींचे खुंट, कुणाच्या तरी अंगणातली पायरी, चिखल वाळून पडलेल्या भेगा. अशाच एका पायरीवर, भर दुपारी, रेणुकाच्या चपला सापडल्या. जोडीनं नीट ठेवलेल्या, घरात शिरताना ठेवतात तशा. पायरीच्या पुढं पाणी होतं. मासे धरणाऱ्यांनी तीन दिवस होड्या घालून शोधलं आणि काहीच मिळालं नाही. फोनही मिळाला नाही, लागतही नव्हता. पोलिसांनी हरवल्याचं लिहून घेतलं, मुलगी सज्ञान आहे म्हणाले. गावानं मात्र मनात ठरवून टाकलं.

ही बातमी आमच्यापर्यंत आली ती चौथ्या दिवशी सकाळी. सरांनी त्या दिवशी एकही प्रश्न काढला नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी सहज यादीकडं पाहिलं आणि रेणुकाच्या नावापुढं हिरवा ठिपका होता.

मला ते अजून नीट सांगता येत नाही. मी यादी बंद करून पुन्हा उघडली, ठिपका तिथंच. सरांनी माझं तोंड बघितलं आणि मागं येऊन उभे राहिले. ठिपका सव्वातीनपर्यंत होता. तेवढ्या वेळात एकही प्रश्न सोडवला गेला नाही. पेपर उघडला होता, पहिलं पान, पहिला प्रश्न, आणि दर अर्ध्या मिनिटाला निरोप येत होता, मी आहे, मी आहे, मी आहे. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

फोन लागत नसला तरी बिल्ला त्यातच राहतो, सिम बदललं तरीही; पण कुठून येतोय ते कळत नव्हतं. मोबाइलचं इंटरनेट आमच्याकडं पोचतं तोवर सगळी माणसं पुण्या-मुंबईचीच दिसतात. आणि मुख्य म्हणजे, कोण येतंय हे मला सांगता येत नव्हतं. स्टँडवाला बिल्ला ओळखतो, सायकलस्वार ओळखत नाही. तो फोन काठावर कुणाला सापडला असेल, चार्ज करून उघडला असेल, तर तो मनुष्यसुद्धा माझ्या यादीत रेणुकाच. ती यंत्रणा मीच बांधली होती, तिचा खिळा न् खिळा मला माहीत होता, आणि मी तिला घाबरायला लागले.

भानुदासकाकांना सांगायचं की नाही यावर आम्ही भांडलो. सर म्हणाले, खोटी आशा दाखवायची नाही. मी म्हणाले, खोटी कशावरून. शेवटी सांगितलं. काका दुसऱ्याच दिवशी एसटीनं आले, दोन वाजता खुर्चीवर बसले आणि ठिपका लागल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली. मग रोज यायला लागले. उन्हातून यायचे, पाणी प्यायचे, सव्वातीनपर्यंत पडद्याकडं बघत बसायचे आणि उठून जायचे. कुठं आहे ते शोधा असं एकदाही म्हणाले नाहीत. शोधलं तर भाऊबंद ओढून आणतील, आणि ओढून आणलेली पोरगी पुन्हा पायरीवर चपला काढेल, एवढं त्यांना कळत होतं. सातव्या-आठव्या दिवशी त्यांनी फक्त एक विचारलं.

"ताई, हिरवं म्हंजी ती हाय, का नुसता फोन हाय?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, काका, मला माहीत नाही.

प्रश्नाची कल्पना सरांची. त्या एका सेशनच्या पेपरमध्ये एक जास्तीचा प्रश्न घालता येईल का, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. येत होता. नोंद माझ्याच हातात होती, त्यात काहीही लिहिता येत होतं. घरच्याच माणसाला उत्तर येईल असा प्रश्न हवा होता. काका म्हणाले, आमच्या मोटरीला पोरांनी नाव ठेवलंय, ते विचारा. असल्या वेळीसुद्धा मला हसू आलं. खरं नाव मुकी, कारण चालू असली तरी आवाज करत नाही. बाकीची तीन नावं सरांनी घातली. राज्यघटनेच्या दोन प्रश्नांच्या मध्ये तो प्रश्न जाऊन बसला: तुमच्या घरच्या मोटरीचं नाव काय? पर्याय एक, म्हातारी. दोन, राणी. तीन, मुकी. चार, चंद्री.

दोन दिवस ठिपका पहिल्याच पानावर राहिला. तिसऱ्या दिवशी पानं उलटायला लागली. कुणीतरी एकही उत्तर न देता पुढं पुढं येत होतं आणि त्या प्रश्नावर येऊन थांबलं. आम्ही तिघं पडद्याजवळ सरकलो. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजत होती, लांब गेली, बंद झाली. अकरा मिनिटं काही झालं नाही. मग पर्याय तीन.

काकांनी टोपी तोंडावर धरली. सर खिडकीकडं गेले. संध्याकाळी काका गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "चारात एक की गं. डोळे मिटून ठोकलं तरी चारात एकदा बरोबर येतंय." गणितवाल्या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन-दहाला ठिपका लागला आणि लगेच गेला. मी नोंद उघडायला गेले तर नोंदच नव्हती. आत येणाऱ्याला बाहेर पडण्यासाठी वरच्या कोपऱ्यात एक बटण असतं. आमच्या पोरांपैकी ते कधी कुणी दाबत नसे, मी तर ते विसरूनही गेले होते. ते दाबलं गेलं होतं. फोन बंद पडला, पाण्यात गेला, हरवला, तरी हे आपोआप होत नाही. त्याला बोट लागतं. मी काकांना तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी जित्तं माणूस हाय." आणि नमस्कार करून गेले.

त्यांना जे दिसलं ते मला तेव्हा दिसलं नाही, मला भलतंच दिसत होतं. ती असेल तर तिच्याकडं जगात एकच जागा होती, जिथं ती दुपारी येऊन घडीभर बसत होती. तिला वाटत होतं तिथं तिला कुणी बघत नाही. आम्ही प्रश्न विचारून सांगून टाकलं की बघतोय. परीक्षा आठवड्यावर आली होती. आता परत यायचं तर नंबर टाकायला हवा, ओटीपी जाणार बापाच्या फोनवर. एक प्रश्न विचारून आम्ही तिच्या तोंडावर दार लावलं, आणि ती नसेलच, तर त्या अकरा मिनिटांत तिकडं कोण बसलं होतं, हे मला आजतागायत माहीत नाही. सहामाहीत एखाद्या दुपारी डोळा लागतो आणि स्वप्नात पर्याय तीन दिसतो. घाम फुटून उठते, तर ऑफिसच असतं आणि कूलरचं पाणी संपलेलं असतं.

त्या वर्षीची परीक्षा झाली, निकाल लागला. सरांनी निकालाची यादी दोनदा वाचली. ज्या मुलाशी लग्न ठरलं होतं त्याचं दुसरीकडं झालं. गावात कुणी रेणुकाचं नाव काढत नाही म्हणे. काका सणासुदीला फोन करतात, पाऊसपाणी बोलतात आणि शेवटी म्हणतात, "हिरवं काय न्हाय ना?" मी नाही म्हणते. दोन उन्हाळे असे गेले. आता मी नोंदी वीस मिनिटांत पुसते, जगरहाटीप्रमाणे.

परवा दुपारी सव्वादोनला काकांचा फोन आला. सण नव्हता. मी यादी वाचत होते, यादीत ते नाव नव्हतं.

"ताई, आकडा आलाय," ते म्हणाले. "सा अंकी हाय. कुणाला सांगू?"

हल्ली फसवाफसवी इतकी झाली आहे की माझ्या तोंडून आधी तेच निघालं, कुणालाही सांगू नका. मग मी त्यांना निरोपाच्या सुरुवातीचं वाचायला सांगितलं. त्यांनी अडखळत वाचलं. आमच्याच वेबसाइटचं नाव होतं.

मी दुसरी यादी उघडली, आत न आलेल्यांची, दारात उभ्या असलेल्यांची. एकच नोंद होती. नाव नाही, ठिपका करडा, मोबाइल नंबर काकांचा. कुणीतरी कुठूनतरी तो नंबर टाकला होता आणि आकड्याची वाट बघत होतं. एखादा अंक चुकून दुसऱ्याच कुणी टाकला असेल, असंही होतं, रोज होतं. पण तसं वाटून घ्यायला माझं मन तयार होईना. मी काकांना जमेल तसं समजावलं. आकडा दहा मिनिटं चालतो, मग मरतो, तेही सांगितलं. सरांनी पेपर खाली ठेवले होते.

"काका," मी म्हणाले, "आकड्याशिवाय इथून दार उघडता येतं मला. नियमात बसत नाही, पण येतं. उघडू?"

माझं बोट माउसवर होतं. आत कोण येईल याची मला भीतीच वाटत होती आणि तरी मी उघडणार होते. करड्या ठिपक्यापुढचा वेळ उतरत होता, सहा मिनिटं, पाच मिनिटं.

"उघडू नका," काका म्हणाले.

मला वाटलं राग आहे. दोन वर्षं धरून ठेवलेला, आता बाहेर पडलेला. मी काही म्हणायच्या आत तेच पुढं बोलले, हळू, कुणी झोपलेलं असताना बोलतात तसं.

"आत गेली की तिला माजं काय काम? ताई, आकडा कुणाच्या फोनवर येतोय ते तिला ठावं हाय. नंबर टाकताना ठावं होतं. मागू द्या की परत."

आम्ही दोघं फोन धरून बसून राहिलो. दहा मिनिटं संपली. यादीतली नोंद गेली, पडदा पांढरा झाला. सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे होते. खाली सगळं शहर झोपलेलं होतं. काकांचा श्वास ऐकू येत होता, माझाही मला येत होता, आणि मला वाटलं संपलं, आपण पुन्हा तीच चूक केली.

मग पलीकडं, त्यांच्या फोनमध्ये, टिंग वाजलं.

"आला," काका म्हणाले.